खांबापाशी मोकळी जागा

नवरात्र अर्ध्यावर आलं की बाजारात झेंडूचे ढीग पडतात आणि माझं डोकं फिरायला लागतं. झेंडूवर माझा राग नाही. राग आहे तो आपट्यावर. आपटा म्हणून लोक जे ओरबाडून आणतात, त्यातला निम्म्याहून अधिक कांचन असतो. मी आयुष्याची ऐन वर्षं झाडांच्या धंद्यात काढली, त्यामुळे मला राहवत नाही. मी वर्तकनगरच्या नाक्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटते, "अहो, हा आपटा नव्हे." कोणी ऐकत नाही. यंदा तर पाटीवालीच मला म्हणाली, "आजी, दसऱ्याचं सोनं कोणी कसोटीला लावून बघतं का?" बाई बरोबर बोलली. मी मुकाट्याने तिच्याकडूनच दोन फांद्या घेतल्या.

त्या फांद्या घेऊन यंदा दसऱ्याला मी कल्याणला कदमकाकांकडे गेले. कदमकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, कारखान्यातले जोडीदार. आता नव्वदीला टेकलेत. तिथे त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून माझ्या गॅलरीतल्या अरेका पामकडे माझ्याने सरळ बघवत नाही. गोष्ट लहान आहे. पण ती कळायची तर तीसेक वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात जायला हवं.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो आणि माझा धंदा वागळे इस्टेटमध्ये चालायचा. या धंद्याला मराठीत धड नावही नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "शुभा झाडं भाड्याने देते," आणि त्या गालावर बोट ठेवून म्हणायच्या, "अगं बाई, आता झाडंसुद्धा?" पण होतं ते तसंच. मी आधी इस्टेटमधल्याच एका ऑफिसात टायपिस्ट होते. साहेबांच्या टेबलावर घरचं मनी प्लांट नेऊन ठेवलं, ते शेजारच्या ऑफिसला आवडलं, मग त्याच्या शेजारच्याला. बघता बघता टायपिंग सुटलं आणि माझ्या हातात टेम्पो, कुंड्या आणि पाण्याच्या बशा आल्या. कार्पेटवर कुंडी ठेवायची तर खाली बशी लागतेच, नाहीतर डाग पडतो आणि गिऱ्हाईक जातं.

ऑफिसात झाड जगत नाही, हे लोकांना कळत नाही. त्याला तिथे ऊन नसतं, एसीचा कोरडा वारा असतो, शिपाई दिवसातून चारदा पाणी घालतो आणि उरलेला चहा कोणीतरी कुंडीतच ओततं. पंधरा दिवसांत पानांची टोकं करपतात. म्हणून आम्ही झाडं पाळीपाळीने बदलायचो. ऑफिसातली दमलेली झाडं परत आणायची आणि त्यांच्या जागी ताजी ठेवायची. दमलेली झाडं बाळकुमला जायची. तिथे हिरामावशींच्या घरामागे, खाडीच्या अंगाला, मी हिरवी जाळी बांधून घेतली होती. हिरामावशी तिथल्या जुन्या आगरी घरातल्या. टेम्पो दिसला की त्या ओट्यावरूनच विचारायच्या, "आयली का गो तुजी झारां म्हायेराला?" मलाही ते पटायचं. सासरी सुकलेली पोर माहेरी येऊन चार दिवसांत भरावी, तसंच ते व्हायचं.

अण्णांना मात्र माहेर वगैरे भाषा यायची नाही. ते याला शिफ्ट म्हणायचे. "फर्स्ट शिफ्ट सुटली, सेकंड शिफ्ट लागली," असं म्हणत ते टेम्पोतून कुंड्या उतरवायचे. एखादं डिफेनबेकिया फारच कोमेजलं असेल तर ते म्हणायचे, "याला सिक लिव्ह दे, शुभे. याच्याच्याने या महिन्यात काम होणार नाही."

अण्णा वागळे इस्टेटमधल्याच एका कारखान्यात लेथवर होते. पोरवयात लागले आणि केस पिकेपर्यंत त्याच एका मशीनवर राहिले. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला एका सकाळी ते डबा घेऊन गेले आणि तासाभरात डबा घेऊन परत आले. गेटला टाळं होतं. टाळं निघेल, बोलणी चालू आहेत, वकील लागलेत, असं पुष्कळ ऐकत राहिलो. ते काही निघालं नाही.

त्यानंतर अण्णांनी घरात जे दिवस काढले ते मी विसरलेले नाही. शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीत बसायचे. बसून बसून कंटाळले की हत्यारांची पिशवी काढायचे. आमच्या बिल्डिंगमधले सगळे नळ त्यांनी दुरुस्त केले. मग सगळ्यांच्या विळ्यांना धार लावून झाली. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं शिवणयंत्र तर बिघडलेलं नसताना उघडून पुन्हा जोडलं. त्या बिचाऱ्या आईला म्हणाल्या, "वहिनी, भावोजींना म्हणावं, आता ते छान चालतंय." आई हसली आणि आत जाऊन रडली.

लोक म्हणायचे, पोरीने झाडांच्या आवडीने धंदा केला. खोटं आहे ते. सुरुवात आवडीने झाली असेल, पण तो वाढवला मी अण्णांसाठी. त्या माणसाला सकाळी घराबाहेर पडायला जागा हवी होती. मी एकटीनं झेपेल त्याहून जास्त ऑफिसं मुद्दाम घेतली आणि मग त्यांना म्हटलं, "अण्णा, मला होत नाही हो एकटीला." दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन माझ्याआधी दारात उभे होते.

झाडांशी त्यांचं कधी विशेष सख्य झालं असं मी म्हणणार नाही. नावं त्यांना शेवटपर्यंत धड आली नाहीत. ड्रासिनाला ते "तो पट्टेवाला" म्हणायचे. पण कामाला वाघ. जुन्या बनियनचं फडकं ओलं करून एकेक पान असं पुसायचे की खालून हात, वरून फडकं, आणि पान जरासुद्धा वाकायचं नाही. मांडणी मात्र ते कधी करत नसत. कोणती कुंडी कुठे ठेवायची ते मी बोटाने दाखवायचे आणि ते "कुठे? इथे?" असं विचारून ठेवायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. मलाच कधी कधी कसंतरी व्हायचं.

त्यांच्या कारखान्याच्या गल्लीतही आमचं एक ऑफिस होतं. तिथे जाताना ते गेटसमोर थांबायचे नाहीत, मान वळवायचे नाहीत. फक्त खंडेनवमीला, येताना पिशवीतून झेंडूची एक माळ काढून त्या गंजलेल्या टाळ्याला अडकवायचे आणि पुढे चालू लागायचे. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खंडेनवमी म्हणजे कारखान्याचा सण, हे आजकालच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. माझ्या लहानपणी त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. आदल्या दिवशी दुपारपासून मशीनं बंद करून रॉकेलने धुतलेली असायची, चकचकीत पुसलेली असायची. प्रत्येक मशीनला हार, हळदकुंकवाची बोटं, पुढे फोडलेला नारळ. रॉकेल आणि झेंडू यांचा मिळून एक वास यायचा. तसा वास मला पुन्हा कुठे आला नाही. अण्णा आम्हाला पेढा द्यायचे आणि खिशातून लोखंडाचे कुरळे छिलके काढून द्यायचे, हात कापू नका असं बजावून. त्यांचं मशीन मी दरवर्षी पाहिलं. पण पोरांचं लक्ष पेढ्यात. मशीन कुठल्या रांगेत होतं, कुठल्या खिडकीपाशी होतं, ते मला कधीच सांगता आलं नसतं. गंमत म्हणजे ते चालू असताना मी एकदाही पाहिलं नाही. वडिलांचं आयुष्य ज्याच्यापुढे उभं राहून गेलं ते मशीन मला फक्त हार घालून गप्प बसलेलंच माहीत आहे.

तर तो ऑक्टोबर. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. पाऊस संपून ऊन असं तापलं होतं की बाळकुमला जाळीखाली दिवसातून दोनदा पाणी मारावं लागत होतं. इस्टेट तेव्हा कात टाकत होती. एकेक कारखाना बंद पडायचा आणि त्याच्या जागी काचा लावून कॉम्प्युटरवाल्यांची ऑफिसं व्हायची. मला धंदा त्यामुळेच मिळत होता, हे मी लपवून काय करू? जिथे मशीनं गेली तिथेच माझ्या कुंड्या गेल्या. अशाच एका नव्या ऑफिसची ऑर्डर आली. उद्घाटन दसऱ्याला, अख्ख्या हॉलला झाडं हवीत. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं माझं झालं. मग मी पत्ता वाचला. अण्णांचाच कारखाना होता.

आई म्हणाली, "त्यांना नको सांगूस. दुसरीकडच्या कामाला पाठव." मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी अण्णाच म्हणाले, "त्या गल्लीतलं टाळं निघालंय. आत सुतारकाम चाललंय."

मी म्हटलं, "हो. झाडं आपलीच आहेत तिथे."

त्यांनी पोळीचा घास संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मांडणी मी करतो."

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकच मागितलं. मला आनंद झाला, शपथेवर सांगते. माणूस आता त्यातून बाहेर आला असं मला वाटलं. शिवाय माझीही सोय होत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्याच गिऱ्हाइकांना झाडं ताजी हवी असतात, त्यामुळे मी दिवसभर दुसऱ्या टोकाला अडकणार होते. मी म्हटलं, "करा की. तुम्हाला काय सांगायचं?" आणि मोठे रबर, अरेका, ड्रासिना, डिफेनबेकिया, सगळा टेम्पो भरून त्यांच्या हवाली केला. हिरामावशी टेम्पोकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, आज पोरी सासरला धारताव का बाजाराला?" अण्णा हसले. म्हणाले, "कामाला धाडतोय, मावशी. कामाला."

त्या रात्री ते उशिरा आले, पण जेवले चांगले. खूप दिवसांनी त्यांनी आईकडे दुसऱ्यांदा भात मागितला. हात धुताना मला म्हणाले, "उद्या जाऊ आपण दोघं. बघ एकदा." मी म्हटलं, पानं पुसायला जायचंच आहे.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं तिथे पोचलो तर दारातच डेकोरेटर उभा. वांद्र्याकडचा तरुण पोरगा, गळ्यात टाय, डोळे तारवटलेले. तो माझ्या अंगावरच आला. "मॅडम, ये क्या है? हॉलच्या मध्ये कुंड्या? अर्ध्या हॉलभर! साहेब दहाला येणार रिबन कापायला. गेस्ट लोक काय जंगलातून चालणार? आणि हे बघा, कार्पेटवर कुंकू!"

मी आत पाहिलं. खरंच होतं. हॉल अजून रिकामाच होता, टेबलं दिवाळीनंतर यायची होती. सगळीकडे करडं कार्पेट, वर खोटं छत, जुन्या खांबांना चहूबाजूंनी लाकडी फळ्या ठोकून गुळगुळीत केलेलं. आणि त्या कार्पेटवर, भिंती सोडून, कोपरे सोडून, मधोमध दोन रांगांत कुंड्या उभ्या. कुठे दोन जवळजवळ, कुठे एक एकटीच, तिरकी लावलेली. मोठा रबर अगदी आडवा आलेला. प्रत्येक कुंडीला झेंडूची छोटी माळ आणि हळदकुंकवाची बोटं. ऑफिसात झाडं कशी ठेवतात हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलंय, त्याने हे असं का केलं असेल ते मला समजेना. दसऱ्याचं म्हणून हौस केली असेल, असं वाटून मी वैतागले.

मी अण्णांना एका शब्दाने रागावले नाही, एवढं समाधान मला आजवर होतं. म्हटलं, "अण्णा, यांना सगळी भिंतीला हवीत. वेळ नाही, हलवूया." ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गँगवे मोकळा ठेवलाय मी. ट्रॉली जाईल एवढा."

"ट्रॉली कशाला जातेय इथून?" मी म्हटलं, आणि कामाला लागले.

एका रांगेत मध्येच दात पडल्यासारखी फट होती, खिडकीकडच्या खांबापाशी. मी चेष्टेने विचारलं, "इथे काय, कुंडी कमी पडली?"

"नाही," अण्णा म्हणाले, "पुरल्या."

आम्ही सगळं हलवलं. अण्णांनीच सगळ्या जड कुंड्या उचलल्या. मी बोट दाखवायचे आणि ते विचारायचे, "कुठे? इथे?" कुंकवाचे डाग मी ओल्या फडक्याने काढले. माळा काढून पिशवीत भरल्या. दहाच्या आत हॉल कुठल्याही ऑफिससारखा दिसायला लागला. डेकोरेटरचा चेहरा खुलला, मला "थँक यू, मॅडम" म्हणाला, पाहुणे आले, फीत कापली. आम्ही मागच्या दाराने निघालो. परत जाताना अण्णांनी माळांची पिशवी बाळकुमच्या खाडीत सोडली. त्या वर्षी त्यांनी आपट्याचं पान कोणाला दिलं नाही, हे आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

पुढे ते काम करत राहिले. त्या ऑफिसातही जायचे, पानं पुसायचे. मग गुडघे गेले, मग छातीचं दुखणं निघालं, आणि नवं सहस्रक उजाडायच्या आधी ते गेले.

बाराव्या-तेराव्याला कदमकाका आले होते. जेवणं झाल्यावर ओसरत्या गर्दीत ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "तुझ्या बापाने एकदा आमचा अख्खा मशीन शॉप पुन्हा उभा केला होता, माहितीये ना तुला?"

मला काही माहीत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. त्या खंडेनवमीला अण्णांनी त्यांना कल्याणहून बोलावून घेतलं होतं. वॉचमनला म्हणाले, माझाच माणूस आहे. संध्याकाळ होत आली होती, सुतार निघून गेले होते. "मला दारातच थांबवलं त्याने," कदमकाका म्हणाले. "म्हणाला, बघ, ओळख. आधी मला काय कळेना. झाडं दिसत होती नुसती. मग खांब मोजले आणि अगं, अंगावर काटा आला माझ्या. जिथे रेडियल ड्रिल तिथे तो मोठा रबर. जिथे शेपर तिथे बुटकी जोडी. तिरकी मशीनं तिरकी. मधून गँगवे. एक इंच इकडेतिकडे नाही. एवढ्या वर्षांनी! मग आम्ही दोघांनी एकेकाला हार घातले. ज्याचं मशीन त्याचं नाव घेऊन घातले. निम्मी माणसं वर गेलेली, काही गावाला जाऊन बसलेली. सगळ्यांची नावं घेतली. मला म्हणाला, उद्या पोरीला आणून दाखवतो. ती लहानपणी यायची दरवर्षी. ती ओळखेल."

मी यजमानीण होते, पानं उचलायची होती. उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन मोरीचा नळ सोडून उभी राहिले. नळ गळत नव्हता. अण्णांनीच बसवलेला होता.

बघ एकदा, असं ते म्हणाले होते. एवढंच म्हणाले होते. त्यांना समजावून सांगायची सवय नव्हती. लेथवरचा माणूस नवशिक्याला बोलून शिकवत नाही, चालवून दाखवतो. त्यांनी दाखवलं. मी पाहिलंच नाही. मला कार्पेट दिसलं.

पुढे धंदाही राहिला नाही. आधी कापडी पानांची, प्लास्टिकची झाडं आली, त्यांना ना पाणी लागायचं ना माहेर. मग हिरामावशींच्या मुलांनी जमीन बिल्डरला दिली. मावशी शेवटच्या दिवशी जाळीखाली फिरून म्हणाल्या, "आता तुजी झारां दमली तं कुठं जातील गो?" आज घोडबंदर रोडला गाड्यांच्या रांगेत अडकले की मी उगाच त्या उंच इमारतींच्या मागे खाडी दिसते का बघते. ते ऑफिसही गेलं. पत्र्याच्या शेडचा तो गाळा पाडला, आता तिथे काचेची उभी इमारत आहे.

माझ्याकडे उरली ती एक अरेका. त्या हॉलमध्ये दाराजवळ पहिली ठेवलेली, सगळ्यात उंच आणि भरदार. कदमकाकांनी सांगितल्यावर मी तिला भाड्याच्या पाळीतून कायमचं काढून घरी आणलं. दारातून शिरल्याबरोबर दिसणारी म्हणजे अण्णांची, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. हा त्यांचा लेथ. कुंडी फुटली तशी बदलली, गड्डा मोठा झाला तसा फोडून पुन्हा लावला, डोंबिवलीहून वर्तकनगरला आणला. पण दर खंडेनवमीला तिची पानं ओल्या फडक्याने पुसायची, खालून हात, वरून फडकं, आणि तिला झेंडूची माळ घालायची. एवढं केलं की मला थोडं बरं वाटायचं. चुकलेलं जरा भरून आल्यासारखं वाटायचं.

यंदा कल्याणला कदमकाकांच्या हातावर सोनं ठेवलं, पाया पडले. नजर गेली आहे त्यांची, पण बोलणं खणखणीत. इकडचं तिकडचं झाल्यावर मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की अण्णांच्या मशीनची मी अजून पूजा करते.

"कुठल्या मशीनची?"

"अहो, ती अरेका. दाराजवळची उंच. अण्णांचा लेथ."

कदमकाका हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुनेने पाणी आणून दिलं. "अगं येडे," ते म्हणाले, "ती दाराजवळची म्हणजे माझं मिलिंग! इतकी वर्षं तू माझ्या मशीनला हार घालतेयस होय? म्हणून टिकलो मी इतका!"

मलाही हसू आलं. पंचवीसेक वर्षं भक्तिभावाने भलत्याच देवाला नैवेद्य दाखवला म्हणायचा. मी डोळे पुसत विचारलं, "मग अण्णांचा कुठला? पट्टेवाला? का तो रबर?"

कदमकाकांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी आपट्याची पानं, म्हणजे ती कांचनाचीच, तळहातावर चाचपली.

"त्याच्या जागी कुंडी नव्हतीच ठेवलेली," ते म्हणाले. "रांगेत मधेच मोकळी जागा होती, खिडकीकडच्या खांबापाशी. मी म्हटलं, वसंता, सगळ्यांची मशीनं लावलीस, तुझं कुठंय? तर तो तिथे जाऊन उभा राहिला. लेथवर उभा राहायचा ना, तसाच. मी त्याला हार घातला."

परत येताना मला रिक्षा कुठे वळली, कुठे थांबली, काही कळलं नाही. मला तो हॉल दिसत होता. दसऱ्याची सकाळ, दहाच्या आत सगळं उरकायची घाई, टायवाला पोरगा मागे उभा. निम्म्या कुंड्या भिंतीला लागल्या होत्या. मी ड्रासिना दोन्ही हातांनी ओढत आणत होते आणि अण्णा वाटेत उभे होते. हात रिकामे, नजर खाली, जणू पुढ्यात काही फिरतंय. खिडकीकडच्या खांबापाशी, त्या मोकळ्या जागेत.

मी रागावले नव्हते. ओरडले नव्हते. घाईत असलेली कुठलीही मुलगी बापाला म्हणेल तेवढंच म्हणाले होते.

"अण्णा, मध्ये उभे नका राहू. बाजूला व्हा जरा."

आणि ते बाजूला झाले.